कुंपणाशी उगवलेलं पिवळ्या फुलांचं झाड: ठेवू की काढू?

खारा_वारा
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही सॅन दिएगोत राहतो, समुद्र जवळच आहे. घरामागे कुंपण आणि त्यापलीकडे कॅनियनचा उतार. मागे पाण्याच्या पाइपसाठी कुंपणाच्या आत खणलं होतं, त्या उकरलेल्या मातीत एक झाड आपोआप आलंय. बघता बघता माझ्या डोक्याच्या वर गेलं. पानं निळसर हिरवी, गुळगुळीत. बोट फिरवलं की पांढुरकी भुकटी निघते आणि खालून गडद हिरवं दिसतं. फुलं पिवळी, लांब बारीक नळ्या, टोकाला जेमतेम उघडलेल्या. घोसाने लोंबतात. ॲपने नाव सांगितलं निकोशियाना ग्लॉका. इथले लोक ट्री टोबॅको म्हणतात.

शेजारचे आजोबा म्हणतात, आजच्या आज काढ. बायको म्हणते, दिवसभर हमिंगबर्ड येतात, झाडाला हात लावलास तर बघ. आणि भारतातून आलेली आई म्हणते, पानं चाकवताची वाटतात, ताकातली करून बघू या का?

तिसऱ्या ठरावाला मी तूर्त स्थगिती दिली आहे. पहिल्या दोनांवर बोला.

आगाऊ_कार्टं
पहिला नंबर! झाडातलं काही कळत नाही, पण काकूंच्या ठरावावर मतदान घ्या.

रात्रपाळी
स्थगिती नको, ठराव कायमचा फेटाळा. मी गंमत करत नाहीये.

मी अतिदक्षता विभागात काम करतो. या झाडात निकोटीन नावापुरतं असतं, खरा माल म्हणजे ॲनाबेसिन. निकोटीनचाच भाऊबंद. मज्जातंतू स्नायूला जिथे निरोप देतो तिथे हे जाऊन बसतं. आधी चेतवतं, मग तीच जागा अडवून धरतं. त्यामुळे सुरुवातीला उलट्या, लाळ, चक्कर, घाम, आणि नंतर हातापायातली ताकद जाते. श्वासाचे स्नायूही स्नायूच आहेत, हे लोक विसरतात. यावर उतारा म्हणून देता येईल असं ठरावीक औषध नाही. व्हेंटिलेटर लावायचा आणि शरीर ते बाहेर टाकेपर्यंत रुग्णाला सांभाळायचं.

शिजवलं की विष जातं हा समज डोक्यातून काढा. ज्या केसेस नोंदल्या गेल्यात त्यांतल्या कित्येक ‘पालेभाजी म्हणून शिजवून खाल्ली’ अशाच आहेत.

मेथीची_जुडी
बाप रे. खारा_वारा, आईंना आजच सांगा. आणि नुसतं ‘खाऊ नको’ म्हणू नका, कारण सांगा. आमच्या सासूबाईंना कारण सांगितलं नाही की त्या मुद्दाम करून बघतात.

रानमेवा
वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

झाड वांग्याच्या कुळातलं, म्हणजे सोलॅनेसी. वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची, धोतरा, रिंगणी, आस्कंद, तंबाखू ही सगळी एकाच घरातली. हे तंबाखूच्याच प्रजातीतलं, पण अंगाने वेगळं. शेतातल्या तंबाखूची पानं लवदार आणि चिकट, याची गुळगुळीत, वर मेण चढलेलं. त्या मेणानेच पाणी टिकतं आणि उन्हाचा मारा सोसतो. नाव ग्लॉका पडलं ते या निळसर झाकेमुळे. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रॅहमने १८२८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

मूळ गाव दक्षिण अमेरिका: अर्जेंटिनाचा वायव्य भाग, बोलिव्हिया. तिथून शोभेचं म्हणून बागांत गेलं आणि बागांतून पळालं. आज कॅलिफोर्नियाचा किनारा, भूमध्य समुद्राभोवतालचे देश, कॅनरी बेटं, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे सापडतं. भारतातही कोरड्या भागात रानोमाळ झालेलं आढळतं. याला माणसाने उकरलेली जमीन फार मानवते: रस्त्याची कड, खाणीचा ढिगारा, ओढ्याचं कोरडं पात्र, पडकं घर. तुमच्याकडे पाइपाच्या चरात आलं यात नवल काहीच नाही.

खारा_वारा
रात्रपाळी, आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी काय लगेच करणार होते का?” आणि पाच मिनिटांनी ओट्यावरच्या वाडग्यातली चार पानं गुपचूप कचऱ्यात गेली. म्हणजे तयारी झाली होती.

आगाऊ_कार्टं
वांग्याचं कुळ म्हणताय, तर चातुर्मासात या झाडाकडे बघायचं की नाही? कार्तिकीपर्यंत पडदा लावा.

काडीपेटी
मला हे सगळं अति वाटतंय. आपल्याकडे धोतरा गल्लोगल्ली आहे, महादेवाला वाहतो. पिवळी कण्हेर प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी असते, बिट्ट्या खेळण्यात आमचं लहानपण गेलं. कोण मेलं? परदेशात गेलं की माणूस पानाला घाबरायला लागतो. झाड सुंदर आहे, पक्षी येतात, राहू द्या. भाजी करू नका म्हणजे झालं.

रात्रपाळी
काडीपेटी, पिवळ्या कण्हेरीने कोण मेलं हे एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करून बघा. हृदयाचे ठोके चाळीसच्या खाली गेलेले रुग्ण मी स्वतः सांभाळलेत. तुम्ही बिट्ट्या खेळलात, चावल्या नाहीत, एवढाच फरक.

धोतऱ्याची गोष्टही वेगळी आहे. तो विषारी आहे हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं, पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं असतं. या झाडाबद्दल आपल्याला कोणी काही सांगितलेलं नाही, आणि दिसतं ते पालेभाजीसारखं. खरा धोका तिथे आहे.

पक्षीवेडी
मी लॉस एंजेलिसला असते, दुर्बीण गळ्यात घालूनच बाहेर पडते. वहिनींच्या बाजूने बोलायला आले आहे.

हे फूल हमिंगबर्डसाठीच घडलेलं आहे. नळी साधारण ३ ते ५ सेंटीमीटर, तळाशी मध, आणि बसायला फांदी नाही. पक्ष्याने हवेत थांबून चोच घालावी अशी रचना. अर्जेंटिनात हमिंगबर्ड हेच काम करतात, आणि कॅलिफोर्नियात आमचे ॲनाज हमिंगबर्ड ते आनंदाने करतात. हिवाळ्यात बाकी फुलं कमी असतात तेव्हाही हे झाड फुललेलं असतं. ज्या ओढ्याकाठी मी जाते तिथे एका झाडावर हक्क सांगणारा नर दुसऱ्याला असा काही पिटाळतो की बघत राहावं. गळा मान वळवली की गुलाबी, नाहीतर काळा. झाड काढलं तर त्यांनी जायचं कुठे?

निपाणीचा_नातू
आमच्या आजोळी बिडीच्या तंबाखूचं शेत होतं. तंबाखूचं फूल शेतात फारसं दिसत नाही, कारण शेंडा खुडून टाकतात, जोर पानात उतरावा म्हणून. बियाण्यासाठी राखलेल्या झाडांनाच फुलं, तीही गुलाबी पांढरी. पिवळ्या फुलांची तंबाखू पहिल्यांदाच ऐकतोय.

खुडणीला गेलं की हाताला काळा चिकटा बसायचा, साबणाने जायचा नाही. सकाळी दव पडलेल्या रानात काम केलं की नव्या माणसाला मळमळायचं, डोकं गरगरायचं, कधी उलट्या. आजी म्हणायची, “तंबाखू लागली.” तेव्हा वाटायचं बायका उगीच म्हणतात. पुढे कळलं की ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून आत जातं, आणि याला वैद्यकशास्त्रात चक्क नाव आहे. तर खारा_वारा, काढायचंच ठरलं तर हातमोजे घाला आणि सकाळच्या दवात काढू नका.

रच्याकने, निपाणीत १९८१ ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं जे आंदोलन झालं, पुणे-बंगळूर महामार्ग अडवला गेला, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. भाव, वखारीतलं राजकारण, बिडी कामगार बायका, सगळं त्यात...

कोकणी_फणस
निपाणीकर, त्यासाठी वेगळा धागा काढा, वाचायला नक्की येईन. इथे गाडी पुणे-बंगळूर महामार्गावरच अडकेल.

निपाणीचा_नातू
मान्य. वेगळा काढतो.

नौगावचा
इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितोय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोबांचं गाव अलिबागजवळ नौगाव. घरी अजून मराठी बोलतो, फक्त नातवंडं मध्ये मध्ये हिब्रू कालवतात.

हे झाड इथे भरपूर. किनाऱ्याच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला, पडक्या बांधकामात, वाड्यांमध्ये (वाडी म्हणजे इथे कोरडी नदी, नारळाची वाडी नव्हे!). आणि रात्रपाळी म्हणतात ते खरं आहे. पानं खाऊन माणूस दगावल्याची आणि शरीरात ॲनाबेसिन सापडल्याची इथली केस २००० साली न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात छापून आली. नंतर २०११ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांनी एकाच घरातल्या दोघांना झालेल्या विषबाधेवर लिहिलं.

इथे हमिंगबर्ड नाहीत. त्यांचं काम शिंजीर करतात. नर उन्हात निळाहिरवा चमकतो, आपल्या रेवदंड्याच्या वाडीत असायचा तसाच, जात मात्र वेगळी. हैफाच्या संशोधकांनी या शिंजिरांना ॲनाबेसिन आणि निकोटीन घातलेला मध पाजून पाहिला. या झाडाच्या मधात असतं तेवढ्या प्रमाणातही पक्ष्यांच्या पोटातून मध लवकर पुढे सरकतो आणि साखर कमी पचते. प्रमाण वाढवलं तर पक्षी पिणंच कमी करतात. म्हणजे मरत नाहीत, पण फुकटही पीत नाहीत.

पक्षीवेडी
हे मला नवीन. पण शिंजीर आणि हमिंगबर्ड वेगळे. हमिंगबर्ड या झाडाबरोबर हजारो वर्षं राहिलेत.

रानमेवा
अर्जेंटिनातले राहिलेत. तुमचे ॲनाज राहिलेले नाहीत, त्यांची आणि याची ओळख फार तर दोनशे वर्षांची. तरी ते मजेत पितात हेही खरं, त्यामुळे ‘मध विषारी, पक्षी मरतील’ असं मी म्हणणार नाही. मधातलं प्रमाण पानाच्या तुलनेत नगण्य असतं.

त्याच हैफाकडच्या मंडळींनी मधमाश्यांवरही प्रयोग केले. अगदी थोडं निकोटीन घातलेलं साखरपाणी माश्यांना साध्यापेक्षा जास्त आवडलं. वाढवलं तेव्हा नको झालं.

आगाऊ_कार्टं
मधमाश्यांनाही टपरी लागते तर.

मेथीची_जुडी
मावा खाऊन मधाचं काय होत असेल?

टेबलमाउंटन
केपटाउनहून नमस्कार. आमच्याकडे हे सरकारी काळ्या यादीत आहे, वर्ग १ब. म्हणजे तुमच्या जमिनीवर असेल तर आवर घालायची जबाबदारी तुमची. विकणं, लावणं बंद. इथले जुने शेतकरी या झाडावर खार खाऊन असतात, कारण शहामृगांनी पानं खाल्ली तर मरतात. शहामृग पाळणं हा इथे मोठा धंदा.

पण एक गोष्ट पक्षीवेडींना आवडेल. आफ्रिकेतले शिंजीर फांदीवर बसून मध पितात, हवेत थांबत नाहीत असा समज. या झाडाला बसायला जागा नाही. तर इथल्या हिरव्याकंच लांबशेपट्या मॅलाकाइट शिंजिराने काय करावं? हमिंगबर्डसारखा हवेत थांबून पिऊ लागला. २००९ मध्ये इथल्या संशोधकांनी ते छापलं. मी स्वतः वेस्ट कोस्टच्या रस्त्यावर गाडी थांबवून पाहिलंय. पंख भिरभिरतायत, शेपटीची दोन लांब पिसं मागे थरथरतायत, आणि दमला की शेजारच्या तारेवर जाऊन बसतो. पुन्हा येतो.

पक्षीवेडी
टेबलमाउंटन, व्हिडिओ असेल तर टाका! असा पक्षी पाहायला मी केपटाउनचं तिकीट काढेन.

काडीपेटी
बघा. झाड आलं म्हणून पक्षी नवं शिकला. आणि तुम्ही निघालात उपटायला.

रानमेवा
काडीपेटी, पक्ष्याने शिकून झाडाची पैदास वाढवली, त्यात पक्ष्याच्या मूळच्या फुलांचं काय होतं हा प्रश्न उरतोच.

शिवाय या झाडाला पक्ष्याची गरजही नाही. टेनेरिफला, कॅनरी बेटांवर, ना हमिंगबर्ड ना शिंजीर. तरी बोंडं भरतात, कारण स्वतःच्याच परागावर बी धरतं. बोंडात धुळीइतकं बारीक बी, झाडागणिक हजारोंनी. वारा, पाणी, बुटाचा तळ, ट्रकचं टायर, काहीही चालतं. आता खारा_वारांच्या कुंपणापलीकडे उतार आहे. एका पावसात तो चर वाहून बी कॅनियनच्या ओढ्यात उतरेल, मग ते झाड तुमचं राहणार नाही. कॅलिफोर्नियाच्या इन्व्हेजिव्ह प्लँट कौन्सिलने याला ‘मध्यम’ उपद्रवी ठरवलंय. सर्वात वाईट नाही, पण लाडाचंही नाही.

कोकणी_फणस
आमच्याकडे रानमोडी अशीच आली. आधी ‘छान हिरवं दिसतं’, नंतर गाईंना चरायला जागा उरली नाही.

रात्रपाळी
गाईंवरून आठवलं. ही पानं गाभण गाईंनी खाल्ली तर वासरं वाकड्या पायांची जन्मतात, डुकरांतही तेच. कारण पुन्हा ॲनाबेसिन. पोटातल्या गर्भाची हालचाल थांबली की सांधे आखडतात.

एक अवांतर, पण मला आवडणारं. सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनची पट्टी लावलेला माणूस खरंच सिगारेट सोडून आहे की चोरून ओढतोय, हे लघवीतून कळतं. निकोटीन दोन्हीकडे सापडतं, पण ॲनाबेसिन फक्त तंबाखूत असतं, पट्टीत नसतं. सापडलं की चोरी पकडली.

आगाऊ_कार्टं
ही माहिती माझ्या बायकोपर्यंत पोहोचू देऊ नका. धागा खासगी करा.

रानमेवा
अवांतराचीच लाट आली आहे तर माझंही एक. या झाडाच्या जनुकांत एका जिवाणूचा डीएनए निसर्गतः शिरून बसलेला आहे, हे १९८३ मध्ये कळलं. माणसाने प्रयोगशाळेत ज्या जिवाणूकरवी झाडांत जनुकं घालायला सुरुवात केली, त्याच्याच भाऊबंदाने ते आधी फुकटात केलं होतं.

आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅमजवळच्या माक्स प्लांक संस्थेत याचं कलम साध्या तंबाखूवर बांधलं. जोडावर दोघांच्या पेशी शेजारी आल्या आणि एका पेशीचं अख्खं केंद्रकी जनुकद्रव्य दुसरीत गेलं. त्या पेशींपासून झाड वाढवलं तर ७२ गुणसूत्रांची नवीच जात निघाली: तंबाखूची ४८ आणि याची २४. परागीभवन नाही, बी नाही, नुसतं कलम! २०१४ मध्ये छापलं, नाव ठेवलं निकोशियाना टॅबाउका. आंब्याची कलमं बांधणाऱ्या आमच्या देवगडच्या मामांना सांगितलं तर म्हणाले, “मग हापूसवर पायरीची बाधा होत असेल काय?” मी म्हटलं, एवढ्यात तरी काळजी करू नका.

कोकणी_फणस
मामांचा प्रश्न रास्त आहे. देवगडात हे बोललात तर रात्री झोप नाही लागायची कुणाला.

मेथीची_जुडी
मला मूळ गोष्टीत एक वेगळंच खटकतंय. आपल्या आया परदेशात येतात आणि जमिनीवर उगवलेलं हिरवं दिसलं की खुडायला वाकतात. चाकवत, माठ, घोळ, कुर्डू, टाकळा हे त्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. गावात ती नजर शंभर टक्के बरोबर असते, कारण फसवणारी जोडीदार झाडं कोणती हेही त्यांना माहीत असतं. इथे निम्मंच माहीत. आमच्या सासूबाई न्यू जर्सीत पार्किंगमधून घोळ आणतात. घोळच असते ती, मी तपासते, पण पार्किंगमधली! तेल, गाड्यांचा धूर, फवारणी, कुत्री.

मग मी त्यांना वाफा करून दिला. चाकवत, शेपू, आंबाडी, चुका. इथे मिळणाऱ्या भारतीय बियांच्या पाकिटांतून. आता पार्किंग सुटलं.

नौगावचा
जुडीताई, तुमचं पटलं. इथे पावसानंतर रानात खुबेझा उगवतो, गोल पानांची रानभाजी. १९४८ मध्ये जेरुसलेमला वेढा पडला तेव्हा लोकांनी त्यावर दिवस काढले, त्यामुळे इथल्या लोकांना तिचं कौतुक. आमची आई आली तेव्हा शेजारच्या मोरोक्कन बाईने तिला हाताला धरून दाखवलं, ही खा, ती नको. तिने तिला लसूण-मिरचीची फोडणी शिकवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

खारा_वारा, तुमच्या आजोबा शेजाऱ्यांना विचारा, काय खाण्याजोगं उगवतं तिथे. ते झाड ओळखतात म्हणजे बाकीही ओळखत असतील.

खारा_वारा
सगळ्यांचे आभार. घरात मतमोजणी झाली. काढायचं ठरलं. बायकोची अट एकच: पक्ष्यांसाठी आधी दुसरं काही लावायचं. पक्षीवेडी, इथलीच झाडं सुचवा.

पक्षीवेडी
काढूच नका म्हणत होते, पण टेनेरिफ आणि बियांचं वाचून माघार घेते. पक्ष्यांची सोय झाली की माझं भांडण नाही.

किनाऱ्याजवळ असाल तर फ्यूशियासारख्या लाल फुलांचा गूजबेरी लावा, रायबीस स्पेसिओझम. काटेरी आहे, मुलांपासून जरा दूर. हिवाळ्यात फुलायला लागतो, म्हणजे नेमक्या अडचणीच्या दिवसांत. हमिंगबर्ड सेज सावलीत येतो. कॅलिफोर्निया फ्यूशिया उन्हाळ्याअखेर ते शरदात लाल होतो, पाणी जवळपास लागत नाही. बुश मंकीफ्लॉवर पिवळा-नारिंगी, तो उतारावरही येईल. आणि वांग्याच्याच कुळातलं हवं असेल तर लायसियम कॅलिफोर्निकम, तुमच्या समुद्रकाठच्या कड्यांवरचं मूळचं झुडूप. काटे आहेत, फुलं पांढरी, बारीक लाल फळं. पक्ष्यांना लपायला उत्तम.

तोवर साखरपाणी टांगा: एक भाग साधी साखर, चार भाग पाणी. लाल रंग नको, मध नको, गूळ तर मुळीच नको. उन्हाळ्यात दोन दिवसांनी बदलायचं आणि भांडं घासायचं.

खारा_वारा
सुचवलेली रोपं आली. शनिवारी कुऱ्हाड घेऊन गेलो आणि थांबलो. दोन फांद्यांच्या बेचक्यात घरटं आहे. अख्खं माझ्या अंगठ्याच्या पेरावर बसेल एवढं. बाहेरून शेवाळाचे तुकडे डकवलेले, आतून कापूस, आणि सगळं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. फांदी हलली की घरटं ताणतं आणि परत जागेवर येतं. आत दोन पांढरी अंडी, जेमतेम सव्वा सेंटीमीटरची. मादी माझ्या कानाजवळून टक् टक् करत गेली. आता?

काडीपेटी
आता मी काहीच बोलत नाही. पण हसतोय.

पक्षीवेडी
कुऱ्हाड ठेवा! नियमानेही हात लावता येत नाही. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं तोडणं, हलवणं गुन्हा आहे. झाड उपद्रवी असलं तरी.

अंडी उबवायला दोन-अडीच आठवडे, पिल्लं उडायला साधारण आणखी तीन-चार. सगळं मादीच करते, नर फिरकत नाही. दुरून बघा, फोटोसाठी फांदी वाकवू नका. मुलांना आणि मांजराला लांब ठेवा.

रानमेवा
या मधल्या काळात एक करता येईल. घरट्यापासून लांबच्या फांद्यांची कच्ची हिरवी बोंडं हातमोजे घालून खुडा, तपकिरी होऊन फुटायच्या आत. पिशवीत घालून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. फुलं राहू द्या, तिला लागतील. म्हणजे बी थांबेल आणि तिचं स्वयंपाकघरही चालू राहील. फांद्या मात्र पुढेही जाळू नका, धूर छातीत जायला नको.

मेथीची_जुडी
आणि काकू काय म्हणतात?

खारा_वारा
काकूंनी ताबा घेतलाय. खिडकीशी खुर्ची टाकून बसते. कोणी कुंपणाकडे गेलं की आतून ओरडते, “बाळंतीण आहे तिथे!” शेजारचे आजोबा परवा कात्री घेऊन आले होते, त्यांनाही हाकललं. इंग्रजी येत नाही तिला, पण त्यांना समजलं.

आगाऊ_कार्टं
बाळंतविड्याचं काय ठरलं? डिंकाचे लाडू साखरपाण्यात विरघळतात का?

रात्रपाळी
खारा_वारा, मांजर म्हणालात (म्हणजे पक्षीवेडी म्हणाल्या), घरात लहान मूल आहे का? असेल तर फोनमध्ये अमेरिकेच्या विषबाधा मदतकेंद्राचा क्रमांक ठेवा, १-८००-२२२-१२२२. चोवीस तास, फुकट. तोंडात पान गेलंय असं वाटलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, आणि मीठपाणी पाजून उलटी काढायचा आपला घरगुती उद्योग करू नका.

खारा_वारा
धागा वर काढतोय. दोन्ही पिल्लं उडाली. आठवडाभर कोणी परत आलं नाही याची खात्री करून झाड काढलं. खोड बुंध्याशी कापलं, जाडी मनगटाएवढी, आतून पांढरं आणि अगदी मऊ, करवतीला काही लागलंच नाही. मुळं पाइपाखाली गेलीत, तिथे खणायची हिंमत होईना. आता त्या बुंध्याला बाजूने निळसर फुटवे येतायत. काय करू?

टेबलमाउंटन
येणारच, हे झाड कापल्याने मरत नाही. इथे आम्ही कापल्या कापल्या लगेच, काही मिनिटांच्या आत, ताज्या कापावर ब्रशने तणनाशक लावतो. फवारायचं नाही, फक्त कापावर. उशीर झाला तर काप सुकतो आणि आत जात नाही. तुमचा काप जुना झाला, तर फुटवे थोडे वाढू द्या, मग बुंधा आणखी दोन बोटं खाली कापा आणि तेव्हा लावा.

रानमेवा
रसायन नको असेल तर फुटवा दिसला की मोडायचा, न कंटाळता. मुळातला साठा संपेपर्यंत. पाइप आहे म्हणताय तर पहारीचं काम नकोच. आणि पहिल्या पावसानंतर त्या चरात बारीक रोपं उगवतील, जुनं बी मातीत आहे. ती दोन पानांवर असतानाच उपटा, तेव्हा चिमटीत येतात.

खारा_वारा
रसायन नको, आई त्या कोपऱ्यात वाफा करायचं म्हणतेय. मोडत राहीन.

मेथीची_जुडी
त्या कोपऱ्यात नको! जुनं बी मातीत आहे म्हणतायत ना रानमेवा? चाकवताच्या रोपांत ती रोपं उगवली तर निवडणार कोण? वाफा घराच्या दुसऱ्या बाजूला करा, नाहीतर कुंड्यांत विकतची माती भरून.

रात्रपाळी
जुडीताईंना शंभर टक्के अनुमोदन.

खारा_वारा
कुंड्या. आजच आणतो.